अबुधाबीहून तन्वीला आणि देवांना घेऊन येताना

नितीनचा फोन आला तेव्हा मी बिरड्याचे वाल सोलत बसले होते. हात ओले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"आई, तू थोडे दिवस इकडे ये. आणि जाताना तन्वीला घेऊन जा."

"सुट्टीला ना?" मी विचारलं.

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "तिला तसंच सांगायचं आहे."

नितीन माझा एकुलता एक मुलगा, तन्वी त्याची लेक. अबुधाबीजवळ मुसाफा म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथल्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात तो नोकरीला होता. होता म्हणते, कारण त्या आठवड्यात ती संपली. कंपनीला कामं मिळेनात, माणसं कमी केली, त्यात हा. तिकडे नोकरी गेली की राहायचा परवानाही जातो, मग थोडी मुदत देतात. त्या मुदतीत त्याने आणि सुनेने, अश्विनीने, असं ठरवलं होतं की सामान विकायचं, घर सोडायचं, नोकरी शोधायची. मिळाली तर नितीन एकटा कुणाच्या तरी खोलीत राहील, अश्विनी परत येईल. नाही मिळाली तर दोघंही पेणला, माझ्याकडे. काहीही झालं तरी तन्वी आता तिकडे परत जायची नव्हती. आणि हे तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"परीक्षा चालू आहेत तिच्या," नितीन म्हणाला. "उगाच रडवायची कशाला? तुझ्याकडे आली, रमली, की सांगू सावकाश."

मलाही तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. अकरा वर्षांची पोर. मी म्हटलं, बरं.

आमच्या भजनी मंडळातल्या बायकांना दुबई-अबुधाबीची भारी हौस, त्यांनी बजावलं होतं की सगळं नीट लिही, खर्चासकट. म्हणून आधी कामाचं सांगते. व्हिसा एजंटाकडून काढला. जुलैत जायचं तिकीट स्वस्त पडतं, कारण उन्हाळ्यात कुणी तिकडे जात नाही, सगळे तिकडून निघतात. यायचं मात्र दुप्पट. पेणहून पनवेलपर्यंत एसटी (बायकांना अर्धं तिकीट), पुढे शेअर टॅक्सी. बॅगेत मेतकूट, कुळथाचं पीठ, उपासाची भाजणी. आणि हे नीट वाचा: खसखस अजिबात नेऊ नका. तिकडे ती नशेच्या पदार्थांत धरतात. मी अनारसे केले होते, ते सगळे शेजारी वाटून टाकले आणि साधे रव्याचे लाडू वळून नेले. औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या.

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार उघडावं तशी झळ आली. संध्याकाळ उलटून गेली होती तरी! नितीन पुढे आला, पाया पडला. वाळला होता. तन्वीने कमरेला मिठी मारली. उंची माझ्या खांद्यापर्यंत आलेली.

"आज्जी, माझी टिकीट खिडकीची आहे. बाबाने प्रॉमिस केलंय. आणि ऑगस्टला येताना पण खिडकी."

मी नितीनकडे पाहिलं. तो ट्रॉली ढकलत होता.

त्यांचं घर मोहम्मद बिन झायद सिटीत. नाव मोठं, पण आहे घरांचीच वस्ती. मोठमोठे बंगले असतात आणि एका बंगल्यात चार-पाच बिऱ्हाडं करून राहतात. यांच्या दोन खोल्या मागच्या अंगाला. शेजारी रुकय्याभाभी, राजापूरच्या. तिच्या नवऱ्याचं मुसाफात टायरचं दुकान. पहिल्याच सकाळी तिने सांदणं आणून दिली.

"आज्जी, हयसर काय लागला तर हाक मारा. अंडाबिंडा काय नाय त्यात, नारळाचा रस नि गूळ. यल्ला, गरम गरम खावा."

माझी एकादशी होती. तिला सांगितलं तर हसून म्हणाली, "मग उद्या परत करीन. उपासवाल्याला खिलवायचा सवाब डबल." सवाब म्हणजे पुण्य.

घरात एका कोपऱ्यात अश्विनीने देवघर छान ठेवलं होतं. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, आणि आमच्या सासूबाईंचा टाक. हे सगळे देव मीच लग्नानंतर तिच्या ओटीत दिलेले.

आता त्या पुस्तकाचं सांगते, कारण हा प्रवास माझ्या लक्षात राहिला तो त्यामुळे.

तन्वीच्या शाळेत इंग्रजीच्या बाईंनी सुट्टीआधी एक कादंबरी वाचायला लावली होती. दुसऱ्या महायुद्धातली, पोलंड देशातली. सात वर्षांची एक ज्यू मुलगी, लेना नाव तिचं. वडील घड्याळं दुरुस्त करणारे, आई शिवणकाम करणारी. एक दिवस हुकूम येतो की प्रत्येकाने एकच पिशवी घेऊन चौकात जमायचं. लेनाचं मांजर असतं. ती विचारते, त्याला कोण बघेल? आई म्हणते, शेजारच्या बाईंकडे किल्ली दिली आहे, आपण रविवारपर्यंत परत येऊ.

तन्वी रोज दुपारी ते मला वाचून दाखवायची. बाहेर इतकं ऊन की पडदे लावून घरातच बसायचं. एक परिच्छेद इंग्रजीत वाचायची, मग मला मराठीत सांगायची. तिची मराठी म्हणजे निम्मं इंग्रजी, थोडं हिंदी. पण सांगायची मन लावून.

"आज्जी, ती सगळ्यांना सांगते, संडेला आम्ही घरी जाणार. ट्रेनमध्ये सांगते, कॅम्पमध्ये सांगते. तिला वाटतं ती फक्त वेट करतेय."

"आणि बाकीचे काय म्हणतात?"

"मोठी माणसं काही बोलत नाहीत. एक मुलगा हसतो. मग त्याची आई त्याला मारते."

मी मॅट्रिक. इतिहासाच्या पुस्तकात हिटलरवर अर्धं पान होतं, ते पाठ करून मी मार्क मिळवले होते. त्या अर्ध्या पानात साठ लाख ज्यू मारले असं एक वाक्य होतं. मी महिन्याच्या खर्चाचा हिशोब लिहिणारी बाई. साठ लाख हा आकडा मी फ्लॅटच्या किमतीत ऐकलेला. माणसांच्या बाबतीत तो कसा धरायचा ते तेव्हाही कळलं नव्हतं.

पण ज्यू म्हटल्यावर मला एकदम माझं माहेर आठवलं. "अगं, आमच्या रेवदंड्याला होते की ज्यू," मी तिला म्हटलं.

"व्हॉट? आज्जी, खरंच?"

"खरंच. तेलाचा घाणा होता त्यांचा. शनिवारी बंद ठेवायचे म्हणून सगळे शनवार तेली म्हणायचे. एस्तेरकाकू आमच्या दोन घरं पलीकडे राहायच्या. नऊवारी नेसायच्या. त्यांच्याकडे मलिदा करायचे, पोहे, खोबरं, गूळ, वर फळं. आम्हा पोरांना बोलावून हातावर द्यायच्या. मराठीच बोलायच्या, तुझ्या आईपेक्षा चांगलं."

"मग त्यांना कोणी... म्हणजे, पकडलं?"

"छे गं. आपल्याकडे कोण पकडतंय. पुढे इस्राएलला गेले सगळे. जाताना गावजेवणासारखं जेवण घातलं, एसटीपर्यंत अख्खी आळी सोडायला गेली होती."

तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. "म्हणजे त्यांनी सांगून गेले."

"सांगूनच गेले की."

त्या दुपारनंतर पुस्तकातल्या लेनाच्या आईला मला एस्तेरकाकूंचंच तोंड दिसायला लागलं. हिरवं लुगडं, हातात बांगड्या, आणि समोर ती मालगाडी. झोपताना जपात लक्ष लागेना.

मधल्या दिवसांत फिरलोही. भजनी मंडळासाठी: अबुधाबीबाहेर वाळवंटात नवीन मोठं मंदिर झालं आहे. जायच्या आधी ऑनलाइन नाव नोंदवा, कपडे अंगभर घाला, पाण्याची बाटली विसरू नका. दर्शन फुकट. दगडातलं कोरीवकाम बघून डोळे निवतात. मी हात जोडून एकच मागितलं, नितीनचं. तन्वीने काय मागितलं विचारलं तर म्हणाली, "लेनासाठी मागितलं." म्हटलं, अगं, ती गोष्टीतली. "हो, पण त्या टाइपच्या मुली होत्या ना खरंच."

शाळेचा शेवटचा दिवस झाला. मी न्यायला गेले होते अश्विनीबरोबर. फाटकातून तन्वी आणि तिची मैत्रीण मरियम गळ्यात गळे घालून आल्या. मरियम जॉर्डनची. दोघी दुसरीपासून एका बाकावर. "सी यू इन ऑगस्ट!" तन्वी ओरडली. "इन्शाल्ला!" ती पोर गाडीतून हात हलवत गेली. अश्विनी पदराशी काही करतेय असं दाखवत तोंड फिरवून उभी राहिली. ती सलवार-कमीजमध्ये होती, ओढणी होती ती. पण मला पदरच दिसला.

तिथे मला पहिल्यांदा बोचलं. घरी आल्यावर स्वयंपाकघरात मी अश्विनीला हळूच म्हटलं, "निदान मैत्रिणीला तरी नीट भेटू द्यायचं होतं."

"आई, ती रडली असती. मग मी रडले असते. मग नितीन..." तिने कणकेवर मूठ आपटली. "मला रोज उठून हसायचं असतं. तुम्हाला दोन आठवडेच करायचं आहे."

तिचंही खोटं नव्हतं.

दुबई एका दिवसात करता येते, पण उन्हाळ्यात नका करू. मुसाफाच्या शाबिया भागातून दुबईची बस मिळते. आधी कार्ड घ्यावं लागतं, रोख चालत नाही. पंचवीस दिरहम, म्हणजे आपले सहाशे रुपये. मी मनातल्या मनात चोवीसने गुणत होते, तर तन्वी म्हणाली, "आज्जी, खलास! कन्व्हर्ट करशील तर पाणी पण पिणार नाहीस." बस इब्न बतुता नावाच्या मॉलपाशी सोडते, तिथून मेट्रो. मेट्रोत बायकांचा वेगळा डबा आहे, गार आणि स्वच्छ. खायला बंदी, दंड होतो, तेव्हा लाडू पर्समध्येच ठेवा.

त्या जगातल्या सगळ्यात उंच इमारतीवर चढायला मी पैसे घातले नाहीत. खालून दिसते तेवढी पुरे. आम्ही जुन्या दुबईत, खाडीकाठी गेलो. कारण तन्वीच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं की तिथे एका छोट्या संग्रहालयात ज्यूंच्या त्या काळाचे फोटो आणि माहिती मांडली आहे, ज्यांना जमेल त्यांनी बघा. नितीन म्हणाला, "कसले फोटो दाखवतात मुलांना." पण तन्वीने हट्टच धरला, आणि अश्विनी म्हणाली, जाऊ दे, शेवटचा तर आहे. मग जीभ चावून म्हणाली, "सुट्टीला निघण्याआधीचा शेवटचा रविवार."

जुनं घर होतं ते, जाड भिंतींचं, आत गारवा. फार मोठं नाही. गर्दी नव्हती. तन्वी प्रत्येक पाटी वाचायची आणि मला सांगायची. एका फोटोपाशी मी थांबले. एक लहान मुलगी, चार-पाच वर्षांची, रस्त्यावर उभी. अंगात जाड कोट आणि कोटाची बटणं एक घर चुकून लावलेली. त्यामुळे एक बाजू खाली लोंबत होती. कुणीतरी फार घाईत लावली होती ती बटणं. आईनेच, दुसरं कोण. आणि लावताना काय बोलली असेल? हेच ना, की फिरायला जायचंय, पटकन.

मी देवाला मानते, दुःख ही कर्मगती असं कीर्तनात ऐकत आले आहे, पण त्या पोरीचं कर्म काय ते मला कुणी सांगावं. मी नाही विचारणार परत. पण तिथे उभी राहून मला ते उत्तर पुरलं नाही, एवढं खरं.

तन्वी शेजारी येऊन उभी राहिली.

"आज्जी, तिच्या मम्माला माहीत होतं ना? कुठे नेणारेत ते?"

"असेल. नसेलही. त्यांनाही धड कळू दिलं नसेल."

"पण लेनाच्या आईला माहीत होतं. तरी तिने संडे म्हटलं."

"पोरीला भीती वाटू नये म्हणून गं."

"पण मग लेना किती वेळ वेट करते, आज्जी! तिला सांगितलं असतं तर तिने मांजराला नीट बाय केलं असतं."

शेजारी नितीन फोटोकडे बघत होता. त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "चला, भूक लागली असेल."

मग लाकडी होडीतून खाडी ओलांडली, एक दिरहम. खर्चाच्या मानाने दुबईतली सगळ्यात चांगली गोष्ट हीच, नक्की करा. करामा भागात वडापाव मिळाला. महाग होता आणि चटणीत लसूण नव्हता. परतीच्या बसमध्ये तन्वी माझ्या मांडीवर झोपली, पुस्तक छातीशी. बाहेर नुसती वाळू आणि दिवे. नितीन पुढच्या सीटवर फोनवर हळू बोलत होता, "यस सर, एनीथिंग इन साइट ऑल्सो ओके." साइट म्हणजे उन्हात उभं राहायचं काम.

निघायच्या दिवशी सकाळी मी देवांची पूजा केली. विमान संध्याकाळचं होतं.

आदल्या दिवशी मी नितीनला म्हटलं होतं, घर सोडाल तेव्हा देव कुठे ठेवणार? दुसऱ्याच्या खोलीत, सहा पुरुषांत? ते काही होणार नाही. देव माझ्याबरोबर येतील. तो म्हणाला, "तुला वाटेल ते कर, आई." त्याचं लक्ष नव्हतं. अश्विनी सामान विकायच्या गडबडीत. मी मनाशी ठरवून टाकलं. देव काही खालच्या सामानात टाकायचे नाहीत, ते हातातच. पूजा झाल्यावर अक्षता वाहिल्या, म्हटलं, देवा, आता जागा बदलायची आहे, चूकभूल पोटात घाला. एकेक मूर्ती रेशमी खणात गुंडाळून पितळेच्या डब्यात तांदळावर ठेवली. टाक सगळ्यात वर. झाकण लावलं आणि डबा मांडीवर घेऊन नमस्कार केला.

"देव कुठे गेले?"

मागे तन्वी उभी होती. आंघोळ करून, केस ओले, नवीन फ्रॉक. निघायच्या आधी पाया पडायला आली होती. देवघर रिकामं. लाकडावर मूर्तींच्या जागी तेला-कुंकवाचे गोल डाग राहिले होते.

"माझ्याबरोबर येतायत," मी म्हटलं. "पेणला."

"का?"

"असंच. तिकडेही त्यांना बरं वाटेल."

ती डागांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दर सुट्टीला मम्मा पाण्याची वाटी ठेवते आणि त्यांना सांगते, आम्ही येतो, घर सांभाळा. ती देवांना नेत नाही. तूच म्हणालीस ना, घरात माणूस राहणार नसेल तेव्हाच देव हलवतात."

हे मीच तिला शिकवलं होतं, मागच्या वर्षी, आमच्या वाडीतलं एक घर बंद झालं तेव्हा.

"आज्जी, आपण परत येणार ना?"

"येणार की."

"गळ्याशप्पथ म्हण."

हेही पेणच्याच अंगणातलं, चिंचोके खेळताना शिकलेलं. ती माझ्यासमोर गुडघे टेकून बसली आणि हनुवटी वर करून गळा पुढे केला. आमच्याकडे तशीच घेतात शपथ, समोरच्याच्या गळ्याला चिमटीत धरून. खोटी घेतली तर त्याचंच वाईट होतं.

माझ्या एका हातात देवांचा डबा. दुसरा हात मी उचलला खरा. पण तो तिच्या गळ्यापर्यंत जाईना. पंधरा दिवस मी येता-जाता ऑगस्ट, ऑगस्ट म्हणत होते, तेव्हा जीभ अडली नव्हती.

"म्हण ना, आज्जी."

"नाही येणार बाळा," मी म्हटलं. "इथे परत नाही येणार."

दारात अश्विनी होती. तिने सगळं ऐकलं. "आई! काय केलंत हे! आज, आत्ता?" तिचा आवाज चिरकला. नितीन आंघोळीतून तसाच बाहेर आला.

तन्वी रडली नाही. हेच मला जड गेलं. ती एकेकाकडे बघत होती. "सो यू ऑल न्यू. रुकय्या आंटीला पण माहीत आहे?"

नितीन अंगात शर्ट घालायला आत वळला.

"मी मरियमला सी यू इन ऑगस्ट म्हटलं," ती म्हणाली. "मम्मा, तू तिथे उभी होतीस."

अश्विनी तिथेच खाली बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. तन्वी तिच्याजवळ गेली नाही.

मग नितीन आला, लेकीच्या समोर जमिनीवर बसला आणि त्याने सांगितलं. नोकरी कधी गेली, व्हिसा म्हणजे काय, घर का सोडायचं. आकड्यांसकट, मोठ्या माणसाला सांगावं तसं. ती मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "इट्स नॉट द सेम, बाबा, मला माहीत आहे. आपल्याला कोणी मारणार नाहीये. पण तुम्ही सेम बोललात."

हे मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण मलाही तेच म्हणायचं आहे. त्या देशाने आमचं काही वाकडं केलं नाही. नियम होते, ते नितीनला जाताना माहीत होते. आम्हाला पेणला घर आहे, दोन वेळचं जेवण आहे. त्या फोटोतल्या पोरीच्या शेजारी आमचं दुःख ठेवायचीसुद्धा लाज वाटते. पण बटणं लावतानाचं ते खोटं आमच्या घरात आम्हीही बोललो, आणि कुणी आमच्यावर बंदूक रोखलेली नव्हती.

मरियमला फोन लावला. लागेना, ती विमानात होती की जॉर्डनला पोचली होती, कळलं नाही. तन्वीने खूप मोठा मेसेज लिहिला, मग तो पुसला, मग छोटा लिहिला. आमची निघायची वेळ झाली तरी पोचल्याची खूण आली नव्हती.

रुकय्याभाभी दारात आली, हातात डबा. तन्वीने तिच्याकडे पाहिलं मात्र, ती म्हणाली, "माझ्यावर रागाव हां बाय. मी मोठी असून नाय बोलले." आणि तिने पोरीला छातीशी धरलं. तिथे तन्वी रडली, आईकडे नाही, बापाकडे नाही, शेजारणीकडे.

विमानतळावर नितीन म्हणाला, "मी लवकर..."

"व्हेन ते नको सांगू, बाबा," तन्वी म्हणाली. त्याने नुसतं तिच्या डोक्यावर हात ठेवला. अश्विनीला तिने शेवटी मिठी मारली, पण आधी आईने मारली मग तिने.

तपासणीत देवांचा डबा उघडायला लावला. त्या अधिकाऱ्याने रेशीम उलगडून बाळकृष्ण पाहिला, "गॉड?" विचारलं. मी म्हटलं, "यस." त्याने दोन्ही हातांनी तो परत ठेवला. तुम्हीही मूर्ती आणत असाल तर हातातच ठेवा आणि नीट सांगा, त्रास होत नाही.

विमानात तिला खिडकी मिळाली. तिने एकदाही बाहेर पाहिलं नाही. पुस्तक काढलं आणि थेट शेवटपर्यंत वाचत गेली. मी जप करत होते. बऱ्याच वेळाने तिने पुस्तक मिटलं.

"काय झालं गं लेनाचं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "घरी जाते ती, आज्जी."

"आणि मांजर?"

"असतं. वेट करत असतं."

मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, देवाने एकीला तरी सोडवलं. मी तिच्या नावाने एक माळ जास्त ओढली.

आता महिना होऊन गेला. तन्वीचं इथल्या शाळेत नाव घातलं आहे. मरियमचं उत्तर आलं, मोठं आलं, दोघी लिहितात एकमेकींना. देव आमच्या देवघरात जुन्या देवांशेजारी बसले, जरा दाटीवाटीने. प्रवासाचा खर्च ठरवला होता त्यापेक्षा थोडा वर गेला, तो विमानाच्या परतीच्या तिकिटामुळे. मंदिर विसरणार नाही, खाडीतली होडी विसरणार नाही. बाकी उंच इमारती आत्ताच एकात एक मिसळल्यात.

मागच्या गुरुवारी तन्वी शाळेत गेल्यावर मी तिचं कपाट आवरत होते. ते पुस्तक हाती लागलं. मला वाटलं, लेना घरी पोचते ते पान स्वतः वाचावं. चष्मा लावला, नितीनची शाळेतली डिक्शनरी घेतली. चार पानं वाचायला मला सकाळ लागली, कुकरच्या शिट्ट्याही मोजल्या नाहीत.

लेना घरी जात नाही. ती रांगेत उभी असते, आई आधीच दुसऱ्या रांगेत गेलेली. तिच्या पुढे एक लहान पोर असतं, तिच्याहून लहान, आणि ते रडत असतं. लेना त्याचा हात धरते. आता तिला सगळं माहीत असतं, तसं लिहिलंच आहे. आणि ती त्याला सांगते की रडू नकोस, रविवारी आपण घरी जाणार. पुस्तक तिथेच संपतं. मांजराचं पुढे काहीच नाही.

मी पुस्तक मांडीवर घेऊन बसून राहिले. आमटी करपली.

संध्याकाळी तन्वी आली, हातपाय धुतले, पोहे खायला बसली. मी म्हटलं, "मी ते शेवटचं वाचलं."

तिचा घास थांबला. "सगळं?"

"सगळं."

"रडलीस?"

"रडले."

"म्हणून तर सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "तू त्या दिवशी ऑलरेडी खूप रडली होतीस, निघायच्या आधी, बाथरूममध्ये. मला ऐकू आलं होतं."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. अकरा वर्षांची पोर, आणि मला सांभाळून घेत होती. हे तिला कुणी शिकवलं ते मला विचारायची गरज नव्हती.

"तन्वी," मी म्हटलं, "मला खरं सांगत जा. मी म्हातारी असले तरी मला पेलतं."

ती ताटात बोटाने रेघा ओढत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "बाबाला नोकरी नाही मिळाली ना अजून? काल फोनवर तो हसत होता खूप."

जिभेवर आलं होतं, मिळेल गं, होईल सगळं.

"नाही मिळाली," मी म्हटलं. "आणि पुढच्या आठवड्यात मुदत संपते आहे."

"ओके," ती म्हणाली. तिने पोह्यांची ताटली बाजूला सारली, फोन उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "लाव बाबाला. सांग, हसू नको म्हणावं."

मी फोन लावला.